म्हैसूरची फटफटी आणि इंधनाची पिचकारी

म्हैसूर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ७७० मीटर उंचीवर वसले आहे. तेथून नंजनगूड, गुंडलुपेट आणि बंदीपूरचे अरण्य ओलांडीत दक्षिणेकडे जाणारा रस्ता सव्वाशे किलोमीटरांच्या आसपास उटीला पोचतो, आणि तेथे उंची भरते सव्वादोन हजार मीटर. या वाटेने जुनी मोटार किंवा जुनी फटफटी हाकीत नेणाऱ्याला एक अनुभव हमखास येतो. घाट चढू लागला की इंजिन जड होते, मागचा धूर काळा पडतो, पेट्रोल अधिक लागते. आणि उटीला पोचल्यावर प्लग उघडून पाहिला तर त्याच्यावर काजळीचे पूट बसलेले असते. मिस्त्री सांगतो, ‘गाडी रिच झाली.’ त्याच्या या तीन शब्दांत शंभर वर्षांच्या यंत्रविद्येची एक मोठी अडचण सामावलेली आहे.

अडचण अशी की, एक किलो पेट्रोल पूर्णपणे जळण्यासाठी सुमारे पावणेपंधरा किलो हवा लागते. हे प्रमाण वजनाचे आहे, आकारमानाचे नव्हे. समुद्रकाठच्या हवेच्या मानाने म्हैसूरची हवा सुमारे सात टक्के विरळ, तर उटीची सुमारे वीस टक्के विरळ असते. इंजिन मात्र प्रत्येक फेऱ्याला तेवढ्याच आकारमानाची हवा आत घेते. हवेचे वजन घटले, पेट्रोल मात्र त्या मानाने घटले नाही. म्हणून मिश्रण दाट झाले. जुन्या इंजिनावर पेट्रोल मोजण्याचे काम करणारा जो कार्बोरेटर, त्याला हवेचे वजन कळत नाही. त्याला कळतो तो केवळ वाऱ्याचा वेग आणि त्या वेगाने निर्माण होणारी ओढ. हा कार्बोरेटर उतरवून त्याच्या जागी हवेचे वजन जाणणारी इलेक्ट्रॉनिक फ्युएल इंजेक्शनची यंत्रणा बसवावी काय, हा प्रश्न आज जुन्या गाड्या जिवापाड जपणाऱ्या मंडळींपुढे उभा आहे. तो वरवर हौशी लोकांचा वाटतो. परंतु म्हैसुरातील एका कारखान्याचे दैव याच मोजमापाशी बांधले गेले होते, हे ध्यानी घेतले म्हणजे त्याचे खरे वजन कळते.

प्रथम कार्बोरेटरला न्याय दिला पाहिजे. जर्मनीच्या विल्हेल्म मायबाखने १८९३ साली पेट्रोलचा फवारा उडविणारा कार्बोरेटर तयार केला आणि तेथून पुढे सुमारे नव्वद वर्षे जगातील बहुतेक साऱ्या मोटारी याच युक्तीवर धावल्या. नळी मध्येच अरुंद केली म्हणजे तीतून जाणाऱ्या हवेचा वेग वाढतो व दाब उतरतो, हा नियम इटलीच्या व्हेंतुरीने १७९७ सालीच मांडला होता. त्या अरुंद गळ्यात एक बारीक छिद्र ठेवायचे. उतरलेल्या दाबामुळे पेट्रोल आपोआप खेचले जाते. जितका श्वास मोठा तितकी ओढ मोठी, आणि तितके पेट्रोल अधिक. शेजारी एक लहानशी वाटी असते. तीत तरंगणारा फ्लोट वर आला की पेट्रोलची वाट बंद होते, खाली गेला की उघडते. ना वीज, ना स्प्रिंगांचे जंजाळ.

मराठी श्रोत्यांना या युक्तीची ओळख दुसऱ्याच एका ठिकाणावरून पटेल. पुण्याजवळ खडकवासल्याच्या धरणावर १९०३ साली स्वयंचलित दरवाजे बसविण्यात आले. पाणी ठराविक पातळीवर चढले की ते आपसूक उघडत आणि पातळी उतरली की मिटत. ते बसविणारे मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या मूळचे म्हैसूर प्रांतातले. परंतु पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात शिकून मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात नोकरीस लागलेले. हीच पद्धत पुढे ग्वाल्हेरजवळच्या तिघरा धरणावर आणि म्हैसूरजवळच्या कृष्णराजसागरावरही गेली. कार्बोरेटरमधली वाटी म्हणजे बोटभर उंचीचे असेच एक धरण होय. पातळी राखायची तर माणूस पहाऱ्यावर न ठेवता पाण्यालाच पहारेकरी करायचे, हा त्या पिढीच्या यंत्रज्ञांचा बाणा होता, आणि त्यात सौंदर्यही होते.

विश्वेश्वरय्यांचा मोटारींशी संबंध एवढाच नाही. १९३५ साली, वयाची सत्तरी ओलांडलेली असता, ते युरोप-अमेरिकेतील मोटार कारखाने पाहून आले आणि हिंदुस्थानात मोटारी बनविण्याची योजना त्यांनी आखली. ती उचलून धरली सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी. म्हैसूर संस्थान या कामी साह्य करण्यास तयार होते. पण ब्रिटिश सरकारची अनुमती मिळेना. शेवटी १९४४ साली वालचंदांनी अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीशी संधान बांधून प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली, आणि मोटारीचा कारखाना उभा राहिला तो मुंबईत, कुर्ल्याला. म्हैसूरची संधी हुकली. पुढे याच कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट बाहेर पडली, तिचीच नंतर पद्मिनी झाली आणि मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपाने ती महाराष्ट्राच्या घराघरांत ओळखीची झाली. क्रायस्लरचे नाव मात्र स्मरणात ठेवावे. ते पुन्हा येणार आहे.

म्हैसूरला अखेर कारखाना आला तो चार चाकांचा नव्हे, दोन चाकांचा. मुंबईत चेकोस्लोव्हाकियाच्या जावा मोटरसायकली आयात करून विकणाऱ्या इराणी कुटुंबातील रुस्तम आणि फारूख इराणी यांनी १९६० साली आयडियल जावा ही कंपनी काढली. जुने महाराज आणि त्या वेळचे म्हैसूरचे राज्यपाल जयचामराजेंद्र वडियार यांचा तिला आशीर्वाद होता. शहरातील यादवगिरी भागात कारखाना उभा राहिला आणि १९६१ पासून तेथून जावा गाड्या बाहेर पडू लागल्या. ‘जावा’ या नावाचा जावा बेटाशी काही संबंध नाही. प्रागचे कारखानदार फ्रांतिशेक यानेचेक यांनी १९२९ साली जर्मनीच्या वांडरर कंपनीची मोटरसायकल बनविण्याचा परवाना घेतला, आणि यानेचेकचे ‘जा’ व वांडररचे ‘वा’ मिळून हे नाव झाले. सत्तरच्या दशकाच्या आरंभी चेक नाव गळून गाडी ‘येझदी’ झाली. इराणातील यझ्द हे जे गाव, जेथून अनेक इराणी-पारशी घराणी मुंबईला आली, त्याची ती आठवण. अशा रीतीने इराणातील गावाचे नाव घेतलेली, चेक वळणाची फटफटी कन्नड मुलखात जन्मली आणि कोकणापासून विदर्भापर्यंत मराठी रस्त्यांवर धावली. दुधाचे कॅन बांधून पहाटे शहरात येणारी ‘येझदी’ अनेकांनी पाहिली असेल.

या गाडीचे इंजिन अडीचशे सीसीचे, टू-स्ट्रोक. सिलिंडर एकच, पण सायलेन्सर दोन. गिअरचा दांडा आणि किकचा दांडा एकच. थंड इंजिन चालू करण्यापूर्वी कार्बोरेटरवरची एक कळ बोटाने दाबून धरायची. फ्लोट खाली जाई, वाटी ओसंडे, बोटाला पेट्रोलचा थंडगार स्पर्श होई, आणि मग किक. तेल वेगळे नाही. ते पेट्रोलमध्येच मिसळून टाकीत ओतायचे. व्हाल्व नाहीत, कॅम नाही, बिघडण्यासारखे फारसे काही नाही. तालुक्याच्या गावातला मिस्त्री झाडाखाली बसून ते इंजिन अर्ध्या दिवसात खोलून परत बांधीत असे. साधेपणा हे या गाडीचे मोठे भांडवल होते. पण तिचा दोषही या साधेपणाच्याच पोटी जन्मला होता.

टू-स्ट्रोक इंजिनात जळलेला धूर बाहेर ढकलण्याचे काम आत येणारे ताजे मिश्रणच करते. आत येण्याची आणि बाहेर जाण्याची दारे काही काळ एकाच वेळी उघडी असतात. साहजिकच ताज्या मिश्रणातले काही पेट्रोल न जळताच धुराबरोबर निसटते. अशा साध्या इंजिनात हा भाग पाव हिश्शापर्यंत, क्वचित त्याहूनही अधिक भरतो. मालकाने चार लिटर पेट्रोल विकत घ्यावे आणि त्यातले सुमारे लिटरभर तेलासकट रस्त्यावर शिंपीत जावे, असा हा हिशेब आहे. पेट्रोल स्वस्त होते आणि हवेची काळजी करणारे कोणी नव्हते तोवर त्याकडे कुणाचे लक्ष गेले नाही. १९७३ नंतर पेट्रोल भडकले. १९८५ साली हीरो होंडाची शंभर सीसीची फोर-स्ट्रोक गाडी आली आणि एका लिटरमध्ये कितीतरी लांब जाऊ लागली. १९९१ साली भारतात धुरावर पहिली बंधने आली, १९९६ साली ती अधिक कडक झाली; आणि त्याच १९९६ साली यादवगिरीचा कारखाना बंद पडला. एवढे एकच कारण होते असे म्हणणे अन्यायाचे होईल. कारखाने एका कारणाने सहसा बुडत नाहीत. परंतु पेट्रोल नेमके मोजून, नेमक्या वेळी देण्याची विद्या त्या इंजिनाजवळ असती, तर धुराचा आणि खर्चाचा हे दोन्ही आरोप पुष्कळसे सौम्य झाले असते, यात शंका नाही.

आणि विशेष हे की, ती विद्या नवी नव्हती. तिचा पहिला मोठा कस लागला तो आकाशात. दुसऱ्या महायुद्धात जर्मन लढाऊ विमानांच्या डेम्लर-बेंझ इंजिनांत पेट्रोल पिचकारीने थेट सिलिंडरमध्ये सोडले जाई, तर ब्रिटिशांच्या रोल्स-रॉइस मर्लिन इंजिनावर कार्बोरेटर होता. जर्मन वैमानिक विमानाचे नाक एकदम खाली वळवून सूर मारी. ब्रिटिश त्याच्या मागे तसाच वळला की वाटीतले पेट्रोल वर उसळे आणि इंजिन क्षणभर गुदमरे. तेवढ्या क्षणात शत्रू निसटे. यावर तोड काढली फार्नबरोच्या विमान संशोधन केंद्रातील बिआट्रिस शिलिंग या बाईंनी. त्या स्वतः ब्रुकलँड्सच्या शर्यतपट्ट्यावर तासाला शंभर मैलांहून अधिक वेगाने मोटरसायकल हाकलेल्या. पेट्रोलच्या वाटेत मोजक्या छिद्राची एक लहान पितळी चकती बसवायची, एवढाच तो उपाय. पण तो इंजिन न उतरविता विमानतळावरच करता येई. १९४१ च्या वसंत ऋतूत शिलिंगबाईंनी आपल्या माणसांना घेऊन तळामागून तळ हिंडत त्या चकत्या बसविल्या. तयार, चालू यंत्राच्या इंधनमार्गात नंतर केलेली सुधारणा म्हणून इतिहासात याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण आहे.

युद्ध संपल्यावर पिचकारी जमिनीवर आली. गंमत अशी की, १९५० नंतर लवकरच ज्या पहिल्या जर्मन मोटारींवर ती बसली, त्या गुटब्रॉड आणि गोलियाथ या लहान मोटारी टू-स्ट्रोकच होत्या. म्हणजे येझदीच्या दुखण्यावरचे औषध येझदीच्या जन्मापूर्वीच तयार होते; केवळ ते महाग होते. १९५४ साली मर्सिडीजच्या ‘३०० एसएल’ने फोर-स्ट्रोक मोटारीतही ते आणले. या साऱ्या पिचकाऱ्या यांत्रिक होत्या, घड्याळासारख्या घडविलेल्या. विजेच्या इशाऱ्यावर उघडणारी पिचकारी प्रथम काढली ती अमेरिकेतील बेंडिक्स कंपनीने. १९५८ साली क्रायस्लरने तिचे ‘इलेक्ट्रोजेक्टर’ सुमारे पस्तीस मोटारींवर बसविले. ते टिकले नाही. त्या काळचे विद्युत्-घटक इंजिनाच्या उष्णतेला आणि ओलीला दाद देईनात. त्यांपैकी बहुतेक मोटारी परत कारखान्याच्या दारी आल्या. इंजेक्शन उतरविण्यात आले आणि त्या जागी बसविण्यात आला तो मुकाट्याने काम करणारा कार्बोरेटर! आज जुन्या मोटारीवर इंजेक्शन चढविणाऱ्याने हा उलटा प्रवास आठवणीत ठेवावा.

बेंडिक्सचे हक्क जर्मनीच्या बॉश कंपनीकडे गेले. १९६७ साली, कॅलिफोर्नियाच्या धूरबंदीला उत्तर म्हणून, बॉशची इलेक्ट्रॉनिक यंत्रणा फोक्सवागनच्या सोळाशे सीसीच्या मोटारीवर आली, आणि तिने मात्र मूळ धरले. १९७६ साली व्होल्वो मोटारीच्या धुराच्या नळीत एक नवी वस्तू दिसली, ती म्हणजे धुरात उरलेला ऑक्सिजन चाखून पाहणारा सेन्सर. येथे खरी क्रांती झाली. तोवरची सर्व यंत्रे, कार्बोरेटर काय किंवा पिचकारी काय, आगाऊ अंदाज बांधून पेट्रोल देत असत. आता यंत्र आपल्याच कामाचा परिणाम पाहून पुढच्या क्षणी चूक दुरुस्त करू लागले. स्वयंपाकघरात भाजीची चव घेऊन मीठ घालणारी गृहिणी आणि चव न घेता मापाने घालणारी, यांच्यात जो फरक, तोच हा.

भारतात ही यंत्रणा मोटारींत नव्वदच्या दशकात आली, दुचाकींत त्याहून उशिरा. २००६ साली हीरो होंडाची ग्लॅमर इंजेक्शनसह निघाली. २००७ साली पुण्याच्या बजाज कंपनीने ‘पल्सर २२०’ इंजेक्शनसह काढली आणि तिची पुष्कळ वाखाणणीही झाली. पण दोनच वर्षांनी, २००९ साली, तीच गाडी कार्बोरेटर लावून पुन्हा आणली, स्वस्त आणि थोड्या अधिक ताकदीची! क्रायस्लरच्या १९५८ च्या प्रसंगाशी हे किती जुळते. अर्थात या वेळी दोष यंत्राचा नव्हता. स्वस्त आणि हाताने दुरुस्त होणारी वस्तू लोकांना हवी होती. २०२० साली भारत स्टेज-६ चे नियम लागू झाले आणि तो पर्याय जवळजवळ संपला. नव्या पेट्रोल दुचाकींतून कार्बोरेटर हद्दपार झाला.

परंतु नव्या गाडीचा प्रश्न सोपा असतो. ती जन्मतःच तशी घडविलेली असते. जुन्या गाडीला नवा अवयव जोडणे ही निराळी विद्या आहे, आणि ती आपल्याकडे अपरिचित नाही. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलवर रेशनिंग आले तेव्हा कोळशाच्या गॅसची भट्टी पाठीशी बांधून धावणाऱ्या मोटारी व बसगाड्या हिंदुस्थानभर दिसत होत्या. या शतकाच्या आरंभी मुंबईच्या हजारो पद्मिनी टॅक्सींनी सीएनजीचे किट चढविले आणि त्यावरच त्यांनी आपले उरलेले आयुष्य काढले. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर त्यांतली शेवटची टॅक्सी रस्त्यावरून निघून गेली. फिलिपाइन्समध्ये तर अमेरिकेच्या कोलोरॅडो स्टेट विद्यापीठातून निघालेल्या एन्व्हायरोफिट या संस्थेने टू-स्ट्रोक तीनचाकी टॅक्सींवर थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल सोडणारी किटे बसवून दाखविली. येझदीसारख्याच इंजिनांवर! दार बंद झाल्यानंतर पेट्रोल आत सोडायचे, म्हणजे निसटेल ती केवळ हवा. इंधन आणि धूर दोन्ही मोठ्या प्रमाणावर घटले. बजाजनेही २००७ च्या सुमारास हेच तत्त्व टू-स्ट्रोक रिक्षाला लावले. एवढेच की पेट्रोल आता इंजिनाच्या तळघरातून जात नसल्याने तेलासाठी स्वतंत्र पंप द्यावा लागतो.

आज बाजारात मिळणारी बहुतेक किटे मात्र या जातीची नाहीत, आणि येथेच पुष्कळांची फसगत होते. त्यांचा आकार मुद्दाम जुन्या कार्बोरेटरसारखा ठेवलेला असतो. त्याच बोल्टांवर ती बसतात आणि सिलिंडरच्या बाहेर, हवेच्या वाटेत पेट्रोल सोडतात. फोर्डच्या मॉडेल-टी मोटारीसाठी कार्बोरेटर घडविणारी होली कंपनी आज स्वतःच अशी किटे विकते. हौशी लोकांनी आपल्या हातांनी जुळविण्यासाठी बाउलिंग आणि ग्रिपो या दोघा अमेरिकनांनी २००१ साली ‘मेगास्क्वर्ट’ नावाचा नियंत्रक काढला, तोही जगभर पसरला. फोर-स्ट्रोक मोटारीला, म्हणजे जुन्या अँबॅसडरला किंवा फियाटला, याचा लाभ उघड आहे. थंडीत चोक ओढावा लागत नाही, उटीच्या घाटात दम लागत नाही, प्लग काळे पडत नाहीत. पण म्हैसूरच्या टू-स्ट्रोक फटफटीवर असले किट चढविले तर काय होईल? पेट्रोल अधिक अचूक मोजले जाईल, आणि नेमके मोजलेले ते पेट्रोल पूर्वीसारखेच उघड्या दारातून निसटून जाईल. दुखणे दाराचे आहे, मापाचे नव्हे. तेथे धुरातला सेन्सरही फसतो, कारण न जळता निसटलेल्या ताज्या हवेचा ऑक्सिजन त्याला मिळतो आणि मिश्रण विरळ आहे असा त्याचा समज होतो.

किट बसविणे म्हणजे केवळ चार बोल्ट आवळणे नव्हे, हेही सांगितले पाहिजे. कार्बोरेटरला पेट्रोल पोचविणाऱ्या जुन्या पंपाचा दाब हवेच्या दाबाच्या जेमतेम एक तृतीयांश असतो. इंजेक्शनला त्याच्या दसपट दाब लागतो. जुनी रबरी नळी त्या दाबाखाली फुटली तर पेट्रोल तापलेल्या इंजिनावर कारंज्यासारखे उडेल. म्हणून नळ्या बदलाव्या लागतात, उरलेले पेट्रोल टाकीत परत नेणारी दुसरी वाट करावी लागते, टाकीच्या तळाशी चाळीस वर्षे साचलेला गंज काढावा लागतो. विजेचे तर विचारूच नये. जुन्या जावाची बॅटरी सहा व्होल्टची आणि डायनामो मंद गतीत जवळजवळ झोपलेला. नियंत्रकाला मात्र बारा व्होल्टांची स्थिर वीज हवी. म्हणजे कार्बोरेटरपासून सुरू झालेला बदल टाकी, वायरिंग, डायनामो, इग्निशन असा एकेका दालनात शिरत जातो. सुरुवातीला एक पुर्जा बदलायचा असतो. शेवटी पाहावे तो गाडीच दुसरी झालेली असते.

असे असूनही हा प्रश्न हौशीच्या पलीकडे गेला तो पेट्रोलच बदलल्यामुळे. उसाच्या मळीपासून मद्यार्क काढून तो पेट्रोलमध्ये मिसळण्याची कल्पना देशात जुनी. १९४८ सालीच ‘पॉवर अल्कोहोल’चा कायदा झाला होता. म्हैसूरच्या शेजारी मंड्याला आणि इकडे कोल्हापूर-सांगलीला ऊस व साखर यांचे महत्त्व सांगायला नको. २०२३ पासून वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल पंपांवर येऊ लागले आणि २०२५ मध्ये ते देशभर नित्याचे झाले. इथेनॉलच्या अंगातच ऑक्सिजन असल्याने त्याला जळण्यास हवा कमी लागते. एका किलोस साधारण नऊ किलो. जुन्या कार्बोरेटरचे जेट पावणेपंधराच्या हिशेबाने कोरलेले. त्यातून हे नवे मिश्रण गेले की ते विरळ पडते. फोर-स्ट्रोक इंजिन थोडे कुरकुरते. टू-स्ट्रोक मात्र तापते, आणि फार तापले तर पिस्टन सिलिंडरला धरून बसतो. शिवाय इथेनॉल पाणी ओढून घेतो, जुनी रबरे फुगवितो आणि जस्ताच्या ओतीव कार्बोरेटरला आतून खातो. सेन्सरवाल्या इंजेक्शनला हा फरक आपोआप कळतो. कार्बोरेटरला माणसाने मोठे जेट घालून तो समजावून द्यावा लागतो. झाडाखालच्या मिस्त्रीला ते येते. पण असे मिस्त्री आता थोडे उरले आहेत.

कायद्याची बाजू निराळीच. २०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणीचे नियम केले. वीस हजार रुपये शुल्क, दहा वर्षांची मुदत आणि क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे. त्यातली मुख्य अट अशी की वाहन मूळ रूपात राखलेले असावे. सांगाडा, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. जुन्या वाहनांचा आंतरराष्ट्रीय महासंघ ‘फीवा’ याच्या ट्यूरिन सनदेतही केलेला बदल परत फिरविता यावा, यावर कटाक्ष आहे. तेव्हा जी गाडी संग्रहात उभी राहून आपल्या काळाची साक्ष देणार, तिला पिचकारी लावणे म्हणजे साक्षीदाराच्या तोंडी नवे शब्द घालणे होय. जी मोटार रोज कचेरीला जाते, घाट चढते, पावसात उभी राहते, तिचा विचार वेगळा करावा लागतो; मात्र तेथेही मूळ डोक्यावर आणि मॅनिफोल्डवर नवी छिद्रे न पाडता काम करणारा आणि उतरविलेला कार्बोरेटर तेल लावून, कापडात गुंडाळून मालकाच्या हाती परत देणारा कारागीर शोधावा. १९५८ च्या त्या क्रायस्लर मोटारींतल्या एका मालकाच्या संग्रही कैक वर्षांनी ते टाकून दिलेले इलेक्ट्रोजेक्टरचे भाग सापडले, आणि मोठ्या खटपटीने ते पुन्हा चालते करण्यात आले, हेही येथे नमूद करण्यासारखे आहे.

२०१८ सालच्या नोव्हेंबरात जावा हे नाव पुन्हा बाजारात आले. महिंद्र उद्योगसमूहाच्या साह्याने उभ्या राहिलेल्या क्लासिक लेजंड्स या कंपनीच्या संस्थापकांत रुस्तम इराणींचे पुत्र बोमन इराणी होते. आणि २०२२ च्या जानेवारीत येझदीही परतली. कारखाना मात्र म्हैसुरात नाही; या गाड्या मध्य प्रदेशात, इंदूरजवळच्या पीथमपूरला तयार होतात. इंजिन फोर-स्ट्रोक, पाण्याने थंड होणारे, आणि इंधन देणारे इंजेक्शन. नव्या जावाला बाहेरून मात्र पूर्वीसारखे दोन सायलेन्सर आवर्जून ठेवले आहेत. दरवर्षी जुलै महिन्याच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदीचे चाहते गावोगावी गाड्या घेऊन जमतात. तेव्हा जुन्या आणि नव्या गाड्या एका रांगेत उभ्या राहतात. नवीवाला चावी फिरवितो, टाकीतला पंप क्षणभर गुणगुणतो आणि इंजिन सुरू होते. जुनीवाला वाकतो, कार्बोरेटरची कळ दाबून धरतो आणि बोट ओले होण्याची वाट पाहतो.